वाट चुकलेला विद्यार्थी : चार्ल्स डार्विन

डार्विन म्हटले की पाठ्यपुस्तकातले ते चित्र डोळ्यांपुढे येते. छातीवर रुळणारी पांढरी दाढी, पुढे आलेल्या दाट भुवया आणि त्यांच्या सावलीत खोल गेलेले डोळे. हा मनुष्य जन्मतःच ऋषी असावा आणि उत्क्रांतीचा सिद्धान्त पाळण्यातच त्याच्या हाती लागला असावा, अशी आपली समजूत होऊन बसते. पण या लेखात त्या वृद्धाची ओळख करून द्यायची नाही. १८२७ सालच्या वसंतात एडिंबरोहून पदवी न घेता परत निघालेल्या, अठरा वर्षे वयाच्या एका गोंधळलेल्या मुलाची ओळख करून द्यायची आहे. घेतलेला विषय आपला नव्हे हे त्याला कळून चुकले होते. आपला विषय कोणता, हे मात्र कळलेले नव्हते. या दोहोंमधली जी अवस्था असते ती आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची आहे, म्हणून हा प्रपंच.

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी झाला. वडील रॉबर्ट डार्विन हे त्या भागातले नामांकित डॉक्टर. उंची सहा फूट दोन इंच आणि देह असा अवाढव्य की, तीनशे छत्तीस पौंड भरल्यानंतर त्यांनी स्वतःचे वजन करणेच सोडून दिले. आजोबा इरॅस्मस डार्विन हेही डॉक्टर, शिवाय कवी आणि तत्त्वचिंतक. आई सुप्रसिद्ध वेजवुड घराण्यातली; चिनी मातीच्या भांड्यांचा त्यांचा कारखाना जगभर गाजलेला. चार्ल्स आठ वर्षांचा असतानाच ती गेली आणि त्याचा सांभाळ मुख्यतः मोठ्या बहिणींनी केला.

शाळेत त्याने नाव काढले असे नाही. डॉ. बटलर यांच्या शाळेत सात वर्षे गेली ती ग्रीक आणि लॅटिन घोकण्यात. चाळीस-पन्नास ओळी सकाळी पाठ करायच्या आणि दोन दिवसांत विसरून जायच्या. घरी मात्र थोरल्या भावाबरोबर बागेतल्या अवजारांच्या खोलीत रसायनांचे प्रयोग चालत. वास आणि धूर यांच्यामुळे वर्गमित्रांनी त्याचे नाव ‘गॅस’ असे पाडले होते. ही बातमी मुख्याध्यापकांच्या कानी गेली तेव्हा असल्या निरुपयोगी गोष्टींत वेळ घालवतो म्हणून त्यांनी त्याला सर्वांदेखत झापले.

मुलगा शाळेत रमत नाही असे पाहून वडिलांनी त्याला सोळाव्या वर्षीच तेथून काढले आणि ऑक्टोबर १८२५ मध्ये एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीसाठी पाठवले. भाऊही तेथेच शिकायला होता. त्याआधीच्या उन्हाळ्यात चार्ल्सने गावातल्या गोरगरीब रोग्यांना तपासून त्यांची लक्षणे टिपून ठेवली होती, वडिलांच्या सल्ल्याने औषधेही दिली होती. ती टिपणे ऐकून हा मुलगा चांगला डॉक्टर होणार असे वडिलांना वाटले. तसे वाटणे चूक नव्हते. रोग्याचा विश्वास संपादन करण्याची हातोटी मुलात होती. पण वैद्यकी म्हणजे केवळ विश्वास नव्हे.

एडिंबरोत काय झाले? हिवाळ्यात सकाळी आठ वाजता औषधिद्रव्यांवरचे व्याख्यान असे. त्याची आठवण म्हातारपणीही त्याला नकोशी वाटे. शरीरशास्त्राचे प्राध्यापक मन्रो हे त्या पदावरच्या घराण्यातले तिसरे मन्रो. त्यांचे शिकवणे त्याला त्यांच्याइतकेच कंटाळवाणे वाटले. रसायनशास्त्राची व्याख्याने तेवढी आवडली. येथपर्यंत ठीक होते. कंटाळवाण्या व्याख्यानांमुळे कोणी विषय सोडत नाही. तसे असते तर आपल्याकडची निम्मी महाविद्यालये ओस पडली असती. खरा घाव बसला तो शस्त्रक्रियागृहात. त्या काळी क्लोरोफॉर्म नव्हता. त्याचा वापर याच एडिंबरोत सुरू झाला, पण तो १८४७ साली. तोपर्यंत रोग्याला धरून ठेवायचे आणि कापायचे, हीच रीत. चार्ल्सने दोन शस्त्रक्रिया पाहिल्या, त्यातली एक लहान मुलावरची. दोन्ही वेळा तो अर्ध्यातून बाहेर पळाला आणि पुन्हा त्या खोलीत त्याने पाऊल टाकले नाही. ती दृश्ये पुढे कित्येक वर्षे त्याचा पिच्छा पुरवीत होती.

या ठिकाणी घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. चार्ल्सचे नाव ज्या काकांवरून ठेवले ते थोरले चार्ल्स डार्विन हेही एडिंबरोलाच वैद्यकी शिकत होते. शवविच्छेदन करताना झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १७७८ साली, विशीही न गाठता, ते वारले. आणि ज्यांनी मुलाला डॉक्टर करायचे ठरवले त्या वडिलांना तरी या धंद्याची गोडी होती काय? मुळीच नाही. तरुणपणी त्यांना रक्त पाहवत नसे. पोटापुरते उत्पन्न असते किंवा आपल्या वडिलांनी निवडीची मोकळीक दिली असती, तर या धंद्यात पडलोच नसतो, हे त्यांनी मुलालाही सांगितले होते. म्हणजे आजोबांनी जे वडिलांवर लादले तेच वडील मुलावर लादत होते! स्वतः भोगलेले पुढच्या पिढीला भोगायला लावायचे आणि त्यालाच रीत म्हणायचे, हा प्रकार काही आपल्याकडेच चालतो असे नाही.

चार्ल्सने वडिलांना स्पष्ट काही सांगितले नाही. सांगण्याची छाती नव्हती. उलट, वडिलांची मालमत्ता इतकी आहे की आपल्याला पोटासाठी राबावे लागणार नाही, हे याच सुमारास त्याच्या ध्यानात आले आणि उरलासुरला उत्साहही मावळला. हवी ती व्याख्याने ऐकायची, नको ती सोडायची, असे त्याचे चालले होते. ते वडिलांना कळले तेव्हा बहिणीने १८२६ च्या मार्चमध्ये पत्र लिहून त्यांची नाराजी कळवली. अशा निवडानिवडीने विद्या येत नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

आणि तरीही एडिंबरोची दोन वर्षे फुकट गेली असे म्हणता येत नाही. गंमत अशी की, तेथे तो जे शिकला त्यातले फारच थोडे अभ्यासक्रमात होते. त्याच्या बिऱ्हाडापासून काही घरे टाकून जॉन एडमन्स्टन नावाचा एक कृष्णवर्णीय मनुष्य राहत असे. तो दक्षिण अमेरिकेतल्या डेमरारा वसाहतीत गुलाम म्हणून जन्मलेला आणि पुढे मुक्त झालेला. मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून ते हुबेहूब उभे करण्याच्या कलेवर त्याचे पोट चाले. चार्ल्सने त्याला एक गिनी देऊन दोन महिने रोज तासभर ती कला शिकून घेतली. शिकता शिकता गप्पा होत. त्या गप्पांतून उष्ण कटिबंधातल्या अरण्यांची वर्णने त्याच्या कानी पडली असतील तर नवल नाही. हा मनुष्य त्याला फार आवडला. पुढे बीगल जहाजावरून पाठवलेले पक्षी इंग्लंडात शाबूत पोचले, त्यात या एका गिनीच्या शिकवणीचा मोठा वाटा आहे. विद्यापीठाच्या शुल्कापायी वडिलांनी जे पैसे भरले त्यांतून असे काय निष्पन्न झाले हे शोधावे लागेल.

दुसऱ्या वर्षी रॉबर्ट ग्रँट या प्राणिशास्त्रज्ञाशी ओळख झाली. समुद्रकिनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या डबक्यांत उतरून बारीकसारीक जीव गोळा करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, हा दोघांचा छंद. मार्च १८२७ मध्ये विद्यार्थ्यांच्या ‘प्लिनियन सोसायटी’पुढे चार्ल्सने आपले पहिले छोटेसे शोध मांडले. फ्लस्ट्रा नावाच्या एका समुद्री जीवाची अंडी म्हणून जी समजली जात होती, ती स्वतः हालचाल करतात, म्हणजे ती अंडी नसून अळ्या आहेत, हा त्यांतला एक. त्याचे सगळे श्रेय त्याच्या पदरात पडले नाही. गुरूनेच काही निरीक्षणे त्याच्याआधी दुसऱ्या विद्वत्सभेत मांडून टाकली होती. विद्येच्या क्षेत्रातला हा धडाही त्याला लवकरच मिळाला म्हणायचा. शिवाय येथेच भूगर्भशास्त्राची व्याख्याने त्याला इतकी रुक्ष वाटली की, जन्मात या विषयाचे पुस्तक उघडायचे नाही अशी त्याने प्रतिज्ञा केली. ही प्रतिज्ञा वाचकांनी लक्षात ठेवावी.

१८२७ च्या एप्रिलमध्ये चार्ल्स एडिंबरो सोडून निघाला. वैद्यकी त्याला नको आहे हे बहिणींकडून वडिलांच्या कानी गेलेच होते. ते भडकले. शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणे यांपलीकडे तुला कशाची पर्वा नाही, तू स्वतःला आणि साऱ्या घराण्याला काळिमा लावशील, अशा अर्थाचे कठोर बोल त्यांनी त्याला पूर्वी एकदा ऐकवले होते. वडील प्रेमळ होते, पण त्या क्षणी रागाने त्यांचा तोल गेला होता, अशी त्यांची बाजू चार्ल्सने पुढे आत्मचरित्रात घेतली. परंतु जवळपास पन्नास वर्षांनंतरही तो ते शब्द विसरला नव्हता.

वडिलांनी तोडगा काढला तो धर्मोपदेशक होण्याचा. त्या काळच्या इंग्लंडात खेड्यातल्या चर्चची पाद्रीगिरी म्हणजे सुखवस्तू घरातल्या, धड काही न करणाऱ्या मुलासाठी राखीव जागाच. घर मिळे, मान मिळे आणि फावल्या वेळी फुले-पाखरे गोळा करायला कोणाची हरकत नसे. चार्ल्सने विचाराला वेळ मागितला, धर्मशास्त्राची काही पुस्तके वाचली आणि आपल्याला ती मान्य आहेत अशी स्वतःची समजूत घालून घेतली. हा बदल त्याने स्वतः निवडलेला नव्हता. एका चुकीच्या वाटेवरून त्याला दुसऱ्या वाटेवर आणून सोडले होते आणि तीही आपली आहे की नाही हे त्याने स्वतःला फारसे विचारले नव्हते. विषय बदलला म्हणजे प्रश्न सुटला असे आपण समजतो. बऱ्याचदा केवळ प्रश्नपत्रिका बदललेली असते.

ग्रीक तर पार विसरला होता. घरी शिक्षक ठेवून ते पुन्हा गिरवले आणि १८२८ च्या जानेवारीत तो केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाला. तेथेही अभ्यासाकडे लक्ष बेताचेच. घोडदौड, शिकार, मेजवान्या, पत्ते. आणि भुंगेरे! विल्यम डार्विन फॉक्स या दूरच्या चुलत भावाने त्याला भुंगेरे जमवण्याचे वेड लावले. एकदा झाडाची जुनी साल काढताना त्याला दोन दुर्मीळ भुंगेरे सापडले. दोन हातांत दोन धरले तोच तिसरा दिसला. तो सोडवेना म्हणून उजव्या हातातला तोंडात टाकला. त्याने असा तिखटजाळ रस सोडला की जीभ भाजली, भुंगेरा थुंकून टाकावा लागला आणि तिसराही निसटला. पुढे स्टीफन्स यांच्या ब्रिटिश कीटकांवरील ग्रंथात आपले नाव छापलेले त्याने पाहिले, तेव्हाचा आनंद कवीला पहिली कविता छापून आल्यावर होतो त्याहून कमी नव्हता.

केंब्रिजमध्ये त्याला जे खरे मिळाले ते म्हणजे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हेन्स्लो. स्वतः धर्मोपदेशक, आणि तरीही वनस्पती, कीटक, खनिजे, रसायने या साऱ्यांत गती असलेला माणूस. त्यांची व्याख्याने चार्ल्सच्या परीक्षेसाठी मुळीच आवश्यक नव्हती. तो केवळ आवडीने जाऊन बसे. दर आठवड्याला एका संध्याकाळी त्यांच्या घरी विद्यार्थी आणि प्राध्यापक जमत. पुढे पुढे तर दोघे रोज लांबवर फिरायला जाऊ लागले. ‘हेन्स्लोबरोबर फिरणारा’ अशीच चार्ल्सची ओळख झाली. या मनुष्याने त्याला विषय बदल असे कधी सांगितल्याचे दिसत नाही. त्याने त्याला बरोबर घेतले, एवढेच. आपल्या प्राध्यापक मंडळींपैकी कोणी हे वाचत असतील तर त्यांना एवढेच विनवायचे की, वर्गाबाहेरच्या त्या फेरफटक्याचे मोल हजेरीपटावर नोंदवता येत नाही.

जानेवारी १८३१ मध्ये चार्ल्सने पदवीची परीक्षा दिली. ऑनर्ससाठी न बसलेल्या एकशे अठ्ठ्याहत्तर विद्यार्थ्यांत तो दहावा आला. हाती घेतलेले त्याने या खेपेस अर्धवट टाकले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नियमापुरते आणखी दोन सत्र केंब्रिजात काढायचे होते. त्या काळात त्याने हंबोल्टचे प्रवासवर्णन वाचले आणि टेनेरिफ बेटावर जायच्या ध्यासाने स्पॅनिश शिकायला घेतले. हेन्स्लोंच्या आग्रहावरून ती जुनी प्रतिज्ञा मोडून तो भूगर्भशास्त्राकडे वळला आणि ऑगस्टमध्ये प्रा. सेज्विक यांच्याबरोबर वेल्सच्या डोंगरांत खडक तपासत हिंडला.

२९ ऑगस्टला घरी परतला तो हेन्स्लोंचे पत्र त्याची वाट पाहत होते. कॅप्टन फिट्झरॉय हे बीगल जहाज घेऊन दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची पाहणी करायला निघाले होते आणि त्यांना सोबतीला एक सुशिक्षित, निसर्गाची आवड असलेला गृहस्थ हवा होता. वेतन नाही. चार्ल्सला तत्काळ निघावेसे वाटले. वडिलांनी नकार दिला. मात्र एक फट ठेवली: जा म्हणणारा एक जरी शहाणा माणूस दाखवलास तर परवानगी देईन. चार्ल्सने दुसऱ्या दिवशी नकाराचे पत्र धाडले आणि मन रमवायला मामाकडे, मेअर गावी, शिकारीला गेला.

मामा म्हणजे जोसाया वेजवुड. त्यांना हकीकत कळली तेव्हा त्यांनी भाच्याकडून वडिलांच्या हरकती कागदावर लिहून घेतल्या. त्या आठ भरल्या. पुढे धर्मोपदेशक व्हायचे त्याला हे शोभणार नाही. बेत आततायी आहे. ही जागा आधी इतरांना देऊ केली असणार. त्यांनी नाकारली त्या अर्थी जहाजात काही खोट असणार. परत येऊन मुलगा स्थिर जीवनाला लागणार नाही. राहण्याचे हाल होतील. हा पुन्हा एकदा व्यवसाय बदलणेच झाले. आणि सगळा उद्योग निरुपयोगी आहे. काळ आणि देश बाजूला ठेवले तर यातल्या निम्म्या हरकती आपल्या घरांतही जशाच्या तशा ऐकू येतील.

मामांनी एकेक हरकत घेऊन शांतपणे उत्तर लिहिले. सातव्या हरकतीचे उत्तर मार्मिक आहे. मुलगा आज धर्मशास्त्राच्या अभ्यासात गढलेला असता तर त्यात व्यत्यय आणू नये असेच आपण म्हटले असते; पण तसे नाही, तो ज्या विद्येच्या मागे आहे तीच त्याला या प्रवासात करायची आहे, असा त्याचा आशय होता. सारांश, मुलगा वाट बदलत नाही. तो कधीचाच या वाटेवर आहे, आपल्यालाच ते दिसलेले नाही. पत्र रवाना झाले आणि दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, मामा स्वतः भाच्याला गाडीत घालून श्रूजबरीला घेऊन गेले. वडिलांनी शब्द पाळला. खर्चिक म्हणून बदनाम झालेल्या चार्ल्सने त्यांची समजूत काढताना म्हटले की, जहाजावर ठरलेल्या रकमेहून जास्त उधळायचे तर मला फारच हुशार असावे लागेल. तू फार हुशार आहेस असेच सगळे मला सांगतात, असे त्यांनी हसत सुनावले.

फिट्झरॉय यांना तर चार्ल्सच्या नाकाचा आकारच खटकला होता. चेहऱ्यावरून स्वभाव ताडणाऱ्यांपैकी ते होते आणि असल्या नाकाच्या माणसात पुरेसा जोम नसतो असे त्यांना वाटले. शेवटी तेही जमले. २७ डिसेंबर १८३१ रोजी बीगलने प्लिमथ सोडले. दोन वर्षांचा म्हणून ठरलेला प्रवास जवळजवळ पाच वर्षे चालला. समुद्र लागण्याने डार्विन अखेरपर्यंत हैराण होता, पण जमिनीवर उतरला की त्याच्या अंगी बळ येई. खडक, हाडे, पक्षी, कीटक यांच्या पेट्यांवर पेट्या हेन्स्लोंच्या नावे केंब्रिजला जात राहिल्या. गंमत म्हणजे खेड्यातल्या शांत पाद्रीघराचे स्वप्न या काळातल्या त्याच्या पत्रांतही अधूनमधून डोकावते. धर्मोपदेशक व्हायचे नाही असे त्याने कधी ठरवले नाही. तो बेत प्रवासात आपोआप विरून गेला. परतीच्या वाटेवर बहिणीचे पत्र मिळाले. प्रा. सेज्विक वडिलांना भेटून, तुमचा मुलगा शास्त्रज्ञांत नाव काढणार, असे सांगून गेल्याचे त्यात होते. ते वाचून तो उड्या मारीत डोंगर चढला आणि त्याच्या हातोडीने खडक दणाणून गेले.

ऑक्टोबर १८३६ मध्ये एका सकाळी न्याहारीच्या वेळी तो घरात शिरला. वडिलांनी त्याला न्याहाळले आणि याच्या डोक्याचा आकारच बदलला की, असे ते मुलींना म्हणाले. कॅप्टनला नाक, वडिलांना डोके!

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ते थोडक्यात आटोपतो. १८३९ मध्ये त्याच वेजवुड मामांच्या मुलीशी, एमाशी, लग्न. १८४२ पासून केंट परगण्यातल्या डाऊन खेड्यात वास्तव्य. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झालेला ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ, ज्याने माणसाची स्वतःविषयीची कल्पनाच पालटली. डॉ. रॉबर्ट डार्विन मात्र १८४८ मध्येच निवर्तले होते.

दोन गोष्टी तरीही नोंदवल्या पाहिजेत. डार्विनला आयुष्यभर पगारी नोकरी करावी लागली नाही. वडिलांच्या पैशावर त्याने वीस वर्षे एक कल्पना मनात घोळवली. आपल्यापैकी ज्यांचे शिक्षण घरच्या एका पगारावर किंवा दोन एकर कोरडवाहू जमिनीवर चालले आहे, त्यांना दोनदा विषय बदलून तिसऱ्यांदा जहाजावर जाता येणार नाही, हे डार्विनचा दाखला देणाऱ्यांनी विसरू नये. जॉन एडमन्स्टनलाही ते शक्य नव्हते.

दुसरी गोष्ट अशी की, सोडलेल्या वाटेने आपली किंमत वसूल केली. एडिंबरोत शवविच्छेदनाचा सराव आपण केला नाही, याची हळहळ डार्विनला कायम राहिली. खडकांना आणि जहाजांच्या तळांना चिकटून राहणाऱ्या बार्नेकल या जीवांच्या अभ्यासात त्याने १८४६ पासून आठ वर्षे घालवली. सोळाव्या वर्षी ज्या कामाकडे पाठ फिरवली तेच काम, बारीक प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली कापून त्यांचे अवयव वेगळे करण्याचे, तो चाळिशीत स्वतःच्या स्वतः शिकत होता.

आणि धर्मोपदेशकाचे आयुष्य? तेही एका अर्थी त्याच्या वाट्याला आलेच. डाऊन गावी मोठे घर, बाग, मुलेबाळे, नेमाने फिरणे. गावच्या गोरगरिबांच्या मदत-मंडळाचे हिशेब तो वर्षानुवर्षे ठेवी आणि तिथल्या पाद्र्याशी त्याची चांगली मैत्री होती. रविवारी कुटुंब चर्चमध्ये जाई तेव्हा उत्तरायुष्यात तो मात्र बाहेरच फिरत राही. १९ एप्रिल १८८२ रोजी तो वारला. घरच्यांना त्याला गावातल्याच चर्चच्या आवारात पुरायचे होते. मित्रांच्या खटपटीने लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, न्यूटनच्या समाधीपासून जवळच, त्याला जागा मिळाली.